वारेवरची बटणं

ओश, २४ जुलै

अपा,

लग्न होऊन आले त्या दिवशी तुम्ही मला बजावलं होतंत, "मला सासूबाई वगैरे म्हणायचं नाही. अपा म्हणायचं, आईला म्हणतेस तसं." तो हुकूम मागे घेतल्याचं अजून कानावर आलेलं नाही, म्हणून अपाच लिहिते आहे.

कुरणावर फोन लागत नाही आणि तो लागतो त्या खिंडीपर्यंत चढायला तुमचे गुडघे तयार नाहीत. तेव्हा हे पत्र तोक्तोसुन-आकेंच्या ट्रकातून येईल. लोणी उतरवायला ते ओशला येतात आणि वर जाताना रिकामेच जातात. पाकीट नीट चिकटवलं आहे. फुटलेलं मिळालं तर शेजारच्या तंबूतल्या कल्बूबू-एजेंनी वाचलं असं समजा, आणि मग मजकूर त्यांनाच विचारा. त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

मी ठीक आहे. माहेरी उझगेनला गेले नाही, खाली ओश शहरातच आहे. इथल्या मोठ्या दवाखान्यात जरा तपासून घेतलं. डॉक्टर बाई चार दिवस पडून राहा म्हणाल्या, म्हणून पडले आहे. काळजीचं काही नाही.

छपरावर वाळत घातलेले कुरूतचे, दह्याचे गोळे उलटायचे राहिले आहेत. काळी याक माझ्याशिवाय कोणाला पान्हा सोडत नाही, तिच्यापुढे थोडं गुणगुणावं लागतं. कसलंही चालतं, तिला सुरातलं कळत नाही.

न विचारता निघून आले, हे खरं. सुनेने असं करू नये, हेही खरं. पण त्या सकाळी साय काढायच्या यंत्रापाशी सगळ्या बायका होत्या आणि कल्बूबू-एजे माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "हे हिवाळ्यातलं नाही दिसत बाई. ह्याला वसंतातलं गवत लागलंय." सगळ्या हसल्या. तुमचा मुलगा जानेवारीत, ऐन कडाक्यात, कामासाठी रशियाला गेला हे अख्ख्या कुरणाला ठाऊक आहे. हिवाळ्यातलं नाही म्हणजे काय, हे न कळायला मी दुधखुळी नाही. सातव्या महिन्यात पोट पाचव्याएवढं दिसतंय, हे मलाही दिसत होतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही यंत्राचा दांडा फिरवत राहिलात.

बस, एवढंच. गुडघ्यांना चरबी चोळत जा.

तुमची सून (अजून असेन तर)
तुर्सुनाय

ओश, २ ऑगस्ट

अपा,

पोतं मिळालं. एका बाईला एवढं कोणी पाठवतं का? लोणी, कुरूत, वाळवलेलं मांस, आणि सगळ्यात वर मेंढीच्या शेपटीची अख्खी चरबी. पोतं उलटंपालटं करून पाहिलं, पत्र काही सापडलं नाही. मग तोक्तोसुन-आकेंना विचारलं, "अपा काही म्हणाल्या?"

टोपी मागे सारत ते म्हणाले, "म्हणाल्या ना. खा म्हणाव."

"अजून?"

"अजून म्हणाल्या, चावून खा म्हणाव."

शेजारच्या खाटेवर हुर्रियत-ओपा आहे. इथल्या बाजारात जर्दाळू विकते, चौथी खेप आहे तिची. ती म्हणाली, "माझी सासू भाकरीचा तुकडा मोजून द्यायची. तुझी पोत्याने पाठवते, तरी तुझं तोंड वाकडंच. चल, अदलाबदल करू. माझी सासू तुला, वर चार किलो जर्दाळू." चरबीचा निम्मा तुकडा तिनेच संपवला. वॉर्डात सगळ्यांना कुरूत वाटलं. तुमच्या हातचं आहे हे सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही.

अपा, काळजीचं काही नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. पोटातल्या बाळाबद्दल वाईट कधी तोंडातून काढू नये, काढलं की ते दार शोधत येतं, असं तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून जूनमध्ये डोकं ठणकायला लागलं, पावलं सुजायला लागली, तरी मी गप्प बसले. आताही बोलत नाही, लिहिते आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं धरून चालू.

बाळ वाढत नाही आहे. डॉक्टर बाईंचं नाव मुकद्दस. बोलणं कमी, आणि हात नेहमी गरम. त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं, परत एकदा फिरवलं, मग म्हणाल्या, "दिवस बरोबर आहेत. बाळ मागे आहे. महिनाभर तरी मागे आहे." मी म्हटलं, पहिलं वाक्य परत म्हणा. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. परत म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "घरी कोणी काही बोललं का ग?" मी नाही म्हटलं. तेही एक खोटंच.

मग मी विचारलं, माझं खाणं कमी पडलं का. कारण तुमचं पोतं समोरच होतं. त्या म्हणाल्या, तू खाल्लेलं बाळापर्यंत पोचतच नाही. पोचवणारी वारच कमजोर आहे.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गेल्या वसंतात लंगड्या मेंढीला जुळं झालं, आठवतं? एक कोकरू धष्टपुष्ट आणि दुसरं मांजराच्या पिल्लाएवढं. तुम्ही त्याची वार उचलून तिच्यावरच्या बटणांसारख्या लाल गाठी मला उजेडात दाखवल्या होत्या. "बघ, ह्याच्या वाट्याला बटणंच कमी आलीत. आईने डोंगर खाल्ला तरी ह्याच्या ताटात पडणार कुठून?" मला तेव्हा मळमळत होतं, नीट पाहिलं नाही. आता डोळ्यांपुढून जात नाही.

बाईच्या वारेला सुटी बटणं नसतात म्हणे, सगळी मिळून एक जाड भाकरी असते. पहिल्या महिन्यांत तिच्यात येणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या सैल, रुंद व्हायला हव्यात. माझ्या झाल्याच नाहीत. मग रक्त कमी येतं, भाकरीचा थोडा थोडा भाग मरत जातो, आणि आईचा रक्तदाब चढतो. माझं डोकं त्यानेच दुखत होतं. डॉक्टरांनी विचारलं, राहतेस कुठे? मी म्हटलं सारी-मोगोल, उन्हाळ्यात आणखी वर, जिथे झाड म्हणून नाही. आणि जन्म? उझगेन, भातखाचरातला. त्या म्हणाल्या, "तुझ्या सासूच्या कित्येक पिढ्या त्या हवेवर वाढल्या. तुझ्या अंगाला ती हवा पातळ पडते. खालून गेलेल्या प्रत्येकीला होतं असं नाही, पण त्यांना जास्त होतं. गुन्हा कोणाचाच नाही."

शेवटचं वाक्य मी घोटून पाठ केलं आहे.

तुर्सुनाय

ओश, ११ ऑगस्ट

अपा,

तोक्तोसुन-आके आज वॉर्डाच्या खिडकीखाली उभे राहून ओरडले, "अपा विचारतायत, बटणं किती आहेत?"

सगळा वॉर्ड खिडकीशी. हुर्रियत-ओपाला वाटलं तुम्ही झगा शिवताय. दोन आठवड्यांनी तुमचा पहिला प्रश्न आला आणि तो हा. मला हसू येत होतं, पण हसताना रडूही आलं, आणि मग नर्स बाई सगळ्यांना ओरडल्या.

डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसल्या. "सासूबाईंना सांग, वार बाहेर आल्याशिवाय पाहता येत नाही. तोवर आम्ही फक्त धार ऐकतो." नाळेतून रक्त जातं त्याचा आवाज त्या यंत्रावर येतो. आपल्या हातपंपासारखं आहे. दांडा दाबला की पाणी जोरात, आणि दोन दाबांच्या मध्येही बारीक धार चालू राहायला हवी. माझी मधली धार रोज बारीक होते आहे. ती तुटली, तर थांबायचं नाही. मग आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढलेलं बरं, मग दिवस भरलेले असोत वा नसोत.

एक गोष्ट मला आवडली, ती सांगते. येणारं कमी पडायला लागलं की बाळ स्वतःच वाटणी करतं. आधी डोक्याला, मग काळजाला, उरलं तर हातापायांना आणि पोटाला. म्हणून त्याचं डोकं जवळजवळ जितकं हवं तितकं आहे आणि बाकी सगळं काडीसारखं. डॉक्टर म्हणाल्या, "शहाणं आहे तुझं." मी मनात म्हटलं, आजीवर गेलंय. टंचाईत कोणाला काय द्यायचं ते तुम्हाला बरोबर कळतं.

तुमच्या मुलाचा फोन आला होता. कुरणावरचं बोलणं तिकडे रशियात येकातेरिनबुर्गपर्यंत पोचलं आहे. कल्बूबू-एजेंचा भाचा त्याच्याच बांधकामावर आहे ना. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मग पोट लहान का?" मी फोन बंद केला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तर तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. "मी गाढव आहे," म्हणाला. मी म्हटलं, ते मला लग्नाआधीच सांगायला हवं होतं. येतो म्हणत होता. येऊ नकोस म्हटलं, आत्ता आलास तर परत कामावर घेणार नाहीत, आणि इथे येऊन करणार काय, माझ्याबरोबर धार ऐकणार? तो तुमचाच आहे, अपा. चुकलं की शब्द सापडत नाहीत. तुम्ही निदान लोणी पाठवता.

आणि आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. वसंतात गुल्चोच्या दवाखान्यात पहिली तपासणी केली होती, तिचा कागद माझ्याजवळ आहे. तेव्हा बाळ दाण्याएवढं होतं आणि त्या वयात सगळी सारखीच असतात, म्हणून दिवस अगदी नेमके कळतात. तो कागद तोक्तोसुन-आकेंबरोबर पाठवला तर कल्बूबू-एजेंचं तोंड एका दुपारीत बंद होईल. पाठवणार नाही. अब्रूची पावती दाखवून ज्या घरात शिरावं लागतं, त्या घरात मी दुधाची किटली तरी कशी उचलू? तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा असेल तर बोटं न मोजता ठेवा. नसेल ठेवायचा, तर बटणंही विचारू नका.

हे जरा तिखट झालं. खोडलं असतं, पण पेन्सिल नाही, पेन आहे.

तुर्सुनाय

ओश, २५ ऑगस्ट

अपा,

मधली धार तुटली.

काल सकाळी यंत्रावर पाहिलं. झटका, मग काही नाही. झटका, मग काही नाही. मुकद्दस डॉक्टरांनी हात माझ्या पोटावरच ठेवला आणि म्हणाल्या, "आता हे घर त्याला पुरत नाही." बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं देऊन झाली आहेत. माझा रक्तदाब औषधाने खाली येतो आणि परत चढतो. उद्या सकाळी पोट उघडून काढणार. दिवस भरायला दीड महिन्याहून जास्त बाकी आहे.

मी सही केली. विचारलं, जगेल का? डॉक्टर म्हणाल्या, "बाहेर काढलं तर बरीच आशा आहे. आत ठेवलं तर जवळजवळ नाही." खोटा धीर देत नाहीत, म्हणून त्यांचा धीर वाटतो. मग मी विचारलं, जगलं तर पुढे? त्या म्हणाल्या, अशी मुलं पोटातच काटकसर शिकून येतात. बाहेर एकदम भरपूर मिळालं की शरीर ते सोडत नाही, साठवून ठेवतं, आणि मोठेपणी साखर, रक्तदाब, हृदय असे आजार गाठण्याची भीती जास्त. म्हणून वाढवायचं, पण फुगवायचं नाही. अभ्यासात, चालण्या-बोलण्यात मागे पडतंय का तेही पाहत राहायचं. आणि माझाही रक्तदाब पुढे कायम तपासायचा, बाळ झालं म्हणजे सुटले असं नाही. हे सगळं ऐकून हुर्रियत-ओपा म्हणाली, "म्हणजे आजीच्या हाती चरबी द्यायची नाही, एवढंच ना?" तिला काल मुलगा झाला, चार किलोचा. माझ्यापुढे आनंद करायची तिला चोरी वाटते. मी मुद्दाम मागून घेतला आणि मांडीवर घेतला. अपा, किती जड असतं बाळ.

मला भीती वाटते. तुमच्यासारखीपुढे हे म्हणायला लाज वाटते, पण वाटते. माझी आई खालच्या बाकावर बसून आहे, तिच्यापुढे मी हसते. तुमच्या मुलाला फोनवर सांगितलं की सगळं साधं आहे. खरं सांगायला कोणी उरलं नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. गंमत आहे ना? जिच्यावर रुसले तिलाच.

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. दुधाचे दिवस आहेत, याक सोडून कसं येणार, मला कळतं. एकच मागणं आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर कुरणावर कोणालाही ह्या बाळाचे दिवस मोजू देऊ नका. तुम्ही एक शब्द बोललात की त्या गप्प बसतील. त्या तुम्हाला घाबरतात. आम्ही सगळ्याच घाबरतो.

तोक्तोसुन-आके हॉर्न वाजवतायत.

तुर्सुनाय

ओश, १४ सप्टेंबर

अपा,

तुम्ही वर सुखरूप पोचल्याचं तोक्तोसुन-आकेंनी सांगितलं. काळ्या याकने कल्बूबू-एजेंच्या मांडीवर लाथ घातल्याचंही सांगितलं. माझं पत्र मिळताच आपल्या याका त्यांच्याच गळ्यात घालून तुम्ही खाली आलात, ही सूड घ्यायची पद्धत मला फार आवडली. एजे दहा दिवस लंगडत दूध काढत होत्या म्हणे.

इथलं आधी सांगते. मुलीचं वजन आता चौदाशे ग्रॅम आहे. बाराशेची होती तेव्हा तुम्ही तिला पाहिलंत, आता ओळखणार नाही. काल नाकातली प्राणवायूची नळी काढली, आता स्वतः श्वास घेते. दूध अजून नळीनेच जातं, पण काल बोट ओठांना लावलं तर चोखलं. जोर आहे. नर्स बाई म्हणाल्या, ही मोठी झाली की भांडखोर होणार. मी म्हटलं, घरात परंपरा आहे.

हुर्रियत-ओपा घरून रोज फोनवर विचारते, तुझी सासू परत कधी येणार. तुम्ही तिच्याकडे राहत होतात तेव्हा तिच्या गाड्यावर बसून गिऱ्हाइकांना झापत होतात, त्याने विक्री वाढली होती म्हणे. लोकांना वाटायचं, एवढी ओरडते म्हणजे माल चांगलाच असणार.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. वार पुरायला म्हणून तुम्ही मागून घेतलीत, त्या दिवशीचं मुकद्दस डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. तपासून झाल्यावर त्यांनी ती ताटलीत घालून तुमच्यापुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "समजावून सांगायला लागणार म्हणून मी वाक्यं जुळवत होते. तुझ्या सासूबाईंनी ती बोटाने उलटवली, निम्मी पांढरी पडलेली पाहिली, आणि मटकन खालीच बसल्या. मग माझी वाक्यं तशीच राहिली. त्यांच्या शेजारी बसले."

आणि दुसरी गोष्टही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही निघायच्या आदल्या दुपारी तुम्हाला झगा घालून काचेच्या पेटीपाशी सोडलं होतं. पडद्यामागच्या खुर्चीवर मी होते, दूध काढत होते. तुम्हाला वाटलं खोलीत कोणी नाही. अपा, तुम्ही आयुष्यभर डोंगराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाका मारल्यात. तुम्ही कुजबुजलात तरी ते दोन खाटा पलीकडे ऐकू जातं.

तुम्ही तिला म्हणालात, "ए मुठीएवढे, ऐक. तुझ्याआधी माझी दोन गेली. तुझ्या बापाच्याही आधी. अशीच एवढीएवढीशी, वर कुरणावर. रडलीसुद्धा नाहीत. तुझ्या आईचं पोट जूनमध्ये वाढायचं थांबलं ना, तेव्हाच मला कळलं होतं. कल्बूबूला मेलीला दिवस मोजायचे सुचले. मला मोजायला काही उरलंच नव्हतं. मला वाटलं, हेही चाललं. तोंडातून काढलं असतं तर गेलंच असतं, म्हणून दांडा फिरवत बसले. खाली जा म्हणावं, तर सगळ्यांनी 'का?' विचारलं असतं, आणि मला ते कारण तोंडातून काढावं लागलं असतं. म्हातारी आहे मी. जिभेवर दगड ठेवून बसायची सवय. खायला घालणं तेवढं येतं, तेवढं केलं. तुझी आई रुसून गेली म्हणून तू आहेस. सुनेने रुसावं तर असं."

मग तुम्ही नाक शिंकरलंत, इतक्या जोरात की नर्स धावत आली.

मी पडद्याबाहेर आले नाही. येता आलं नाही. दूध हातावर सांडलं होतं आणि मला नीट दिसत नव्हतं. तुमच्या मुलाआधी दोन होती, हे मला ह्या घरात कोणी सांगितलं नाही. ह्या घरात कोणी कोणाला काही सांगतच नाही. तुम्ही भीती गिळलीत, मी डोकेदुखी गिळली. आपण दोघी जिभेवर दगड ठेवून एकाच यंत्रापाशी बसलो होतो आणि मला वाटत होतं की तुम्ही बोटं मोजताय.

आता ऐका. डॉक्टर म्हणतात, पहिला हिवाळा हिला खालीच काढू द्या. म्हणजे उझगेनला, माझ्या माहेरी. आणि पुन्हा कधी दिवस राहिले तर पहिल्यापासून खालीच राहायचं, आणि तुम्हीच मला पाठवायचं, भांडून का होईना. व्याह्यांकडे राहणं तुम्हाला जड जाईल हे मला कळतं. माझ्या आईने पश्चिमेची खोली रिकामी केली आहे आणि मला बजावलं आहे की मी बोलावते असं लिही, नाहीतर तुझी सासू येणार नाही. तर, ती बोलावते आहे. मेंढ्या खाली आणून झाल्या की या. चरबी आणू नका.

पण एक गोष्ट राहिली. तुम्ही तिला सांगितलंत की आई रुसून गेली. ते तितकं खरं नाही. त्या दिवशी मी कपडे बांधून ट्रकात बसले तेव्हा तोक्तोसुन-आके चाकात हवा भरत होते. बराच वेळ लागला. मी पुढच्या सीटवर बसून तंबूच्या दाराकडे बघत होते. तुम्ही बाहेर येऊन नुसतं "तुर्सुनाय" म्हणाला असतात, तर मी उतरले असते. शप्पथ सांगते, उतरले असते. डोळे पुसले असते, दूध काढायला बसले असते, आणि कुरणावरचे तंबू उठेपर्यंत तिथेच राहिले असते. आणि हिची धार तिकडे वर कधीतरी तुटली असती, आणि कोणी ऐकलीही नसती. तुम्ही आला नाहीत. हवा भरून झाली, ट्रक निघाला. एवढे दिवस मी दुसरं काहीच मनात धरलं नव्हतं, एवढंच धरलं होतं, की अपांनी मला हाक मारली नाही.

बरं झालं अपा, नाही मारलीत.

आता मारा.

तुर्सुनाय